ऑनलाइन मदत करणाऱ्यांशी सौजन्य आणि त्यांचे आभार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मदत करणारे लोक स्वखुशीने मदत करतात. मग आभारांची त्यांना खरोखर गरज असते का?

गरज असते असे म्हणण्यापेक्षा आभारांनी फरक पडतो असे म्हणणे अधिक अचूक ठरेल. विकिपीडियावर एका संपादकाने दुसऱ्याच्या चांगल्या कामाची दखल घेऊन त्याला ‘बार्नस्टार’ नावाचा तारा देण्याची पद्धत २००३ पासून आहे. हा तारा म्हणजे केवळ एक चित्र आणि सोबत दोन ओळी असतात. त्याला पैशाचे मोल नाही आणि त्यातून कोणताही अधिकार मिळत नाही. मायकेल रेस्टिव्हो आणि आर्नाउट व्हान दे राइट या समाजशास्त्रज्ञांनी सर्वाधिक सक्रिय अशा एक टक्का संपादकांमधून काही जण यदृच्छेने निवडले आणि त्यांना हा तारा दिला. पुढच्या ९० दिवसांत त्यांचे काम तारा न मिळालेल्या तितक्याच सक्रिय संपादकांपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी अधिक भरले, असे त्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केले. हे सगळे लोक मुळातच रात्रंदिवस राबणारे होते आणि कौतुकासाठी अडून बसलेले नव्हते, तरीही हा फरक पडला, ही बाब मला त्या आकड्यापेक्षा अधिक बोलकी वाटते.

काम झाल्यावर ‘धन्यवाद’ एवढे लिहिणे पुरेसे नाही का?

काहीच न लिहिण्यापेक्षा ते नक्कीच चांगले आहे. ‘गरज सरो, वैद्य मरो’ या न्यायाने उत्तर मिळताच गायब होणाऱ्यांची संख्या एवढी मोठी असते की एका शब्दाची पोचही सुखद वाटते. तरीही उत्तर देणाऱ्याला जे जाणून घ्यायचे असते ते त्या एका शब्दातून कळत नाही. आपण सुचवलेला उपाय त्या माणसाने करून पाहिला का, तो लागू पडला का आणि कुठे अडले का, हा प्रश्न त्याच्या मनात शिल्लक राहतो.

एक उदाहरण जवळून पाहिलेले आहे. एका गृहस्थांनी मराठी टंकलेखनाच्या समूहात विचारले की, त्यांच्या मोठ्या दस्तऐवजात ‘वाऱ्यावर’ हा शब्द शोधला असता संगणक निम्मीच ठिकाणे दाखवतो आणि उरलेली ठिकाणे डोळ्यांना दिसत असूनही त्याला सापडत नाहीत. एका बाईंनी सवडीने उत्तर लिहिले. ‘ऱ्या’मधला अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, दोन प्रकारे लिहिला जातो: एकात नुक्ता (खालचे टिंब) असलेला र आणि हलन्त असतो, तर दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक शून्य रुंदीचे अदृश्य जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द असतात. दस्तऐवज दोन व्यक्तींनी वेगवेगळ्या कळफलकांवर टाइप केला असावा, असा अंदाज बांधून त्यांनी एक प्रकार शोधून त्या जागी दुसरा कसा घालायचा याच्या पायऱ्याही दिल्या.

या उत्तरावर ‘धन्यवाद, झाले’ असे लिहून प्रकरण मिटले असते. त्या गृहस्थांनी मात्र दुसऱ्या दिवशी कळवले की, मुख्य मजकुरातील सर्व ठिकाणे आता सापडतात, परंतु तळटिपांमध्ये बदल आपोआप झाला नाही आणि तिथे तोच शोध वेगळा द्यावा लागला. शिवाय दस्तऐवज खरोखरच दोघांनी टाइप केला होता, त्यामुळे बाईंचा तर्क बरोबर निघाला. या चार ओळींमुळे त्या बाईंना आपला अंदाज खरा ठरल्याचे कळले, तळटिपांची अडचण त्यांच्या उत्तरात भर म्हणून आली आणि पुढे हाच प्रश्न घेऊन येणाऱ्या माणसाला पूर्ण उपाय एकाच जागी मिळाला. आभार म्हणजे मुख्यतः हा परतीचा निरोप, असे माझे मत आहे. ‘धन्यवाद’ हा शब्द त्या निरोपाच्या सुरुवातीला आला काय किंवा शेवटी आला काय, त्याने फारसे बिघडत नाही.

सुचवलेला उपाय चाललाच नाही, तर आभार कसले मानायचे?

वेळेचे. समोरच्या व्यक्तीने आपली अडचण वाचली, समजून घेतली आणि काही सुचवले, एवढे तर नक्कीच घडलेले असते. उपाय चालला नाही हे सांगताना ‘नाही झाले’ एवढेच लिहून थांबू नये; कोणत्या पायरीपर्यंत सर्व ठीक होते आणि त्यानंतर नेमके काय दिसले हे लिहावे. अपयशाचा असा तपशीलवार निरोप अनुभवी मदतनीसाला कोरड्या स्तुतीपेक्षा अधिक आवडतो, कारण त्यातून त्याला पुढची वाट दिसते.

मदत मागतानाच सौजन्य दाखवता येते का?

येते, आणि माझ्या मते सौजन्याचा मोठा भाग तिथेच असतो. गोड शब्दांत विचारलेला पण अर्धवट प्रश्न हा समोरच्यावर टाकलेला बोजाच असतो. आपण काय करायला गेलो, काय घडायला हवे होते, प्रत्यक्षात काय घडले, कोणत्या आवृत्तीवर घडले आणि आपण स्वतः काय काय करून पाहिले, हे सांगितले तर उत्तर देणाऱ्याच्या तीन-चार फेऱ्या वाचतात. त्रुटीचा संदेश मजकूर म्हणून चिकटवावा. मोबाइलने काढलेला पडद्याचा तिरका फोटो पाठवला, तर त्यातील अक्षरे उत्तर देणाऱ्याला स्वतः टाइप करून शोधावी लागतात, आणि हे काम खरे तर आपले असते.

ताकाला जाऊन भांडे लपवू नये, ही म्हण इथे अगदी चपखल बसते. तक्त्यातील मजकुराची शेवटची चार अक्षरे वेगळी कशी काढायची, असे एकाने विचारले आणि दोन-तीन जणांनी त्यासाठी सूत्रे रचून दिली. बऱ्याच वेळाने कळले की तो मजकूर म्हणजे तारीख होती, त्याला त्यातून फक्त वर्ष हवे होते आणि त्यासाठी तक्त्याच्या प्रणालीत थेट सूत्र उपलब्ध होते. मूळ हेतू पहिल्याच वाक्यात सांगितला असता, तर सर्वांची मेहनत वाचली असती.

एकच प्रश्न एकाच वेळी पाच समूहांत टाकला, तर परस्परांना न ओळखणारे पाच जण एकच काम पाच वेळा करत बसतात. तसे करणे भागच असेल, तर आपण आणखी कुठे विचारले आहे ते आधीच लिहावे आणि एका ठिकाणी उत्तर मिळताच उरलेल्या चार ठिकाणी ते कळवावे. ‘अर्जंट’ हा शब्द टाळावा. घाई आपली असते, उत्तर देणाऱ्याची नसते.

‘आगाऊ धन्यवाद’ असे लिहावे का?

यावर दुमत आहे. इंग्रजी वळणाने आलेल्या या प्रथेत काहींना नम्रता दिसते, तर काहींना ‘आता नंतर आभार मानायची कटकट नको’ असा सूर ऐकू येतो. मराठीत तर ‘आगाऊ’ या शब्दाचा दुसरा अर्थही लगेच डोकावतो, आणि तो नेमका अशाच माणसांना लागू पडतो जी आगाऊ आभार मानून नंतर फिरकत नाहीत. लिहायचेच असेल, तर ‘कृपया सवडीने पाहावे’ असे लिहावे आणि आभार काम झाल्यावरच मानावेत.

काही ठिकाणी आभाराचे शब्द काढून टाकले जातात. हा उद्धटपणा नाही का?

प्रथमदर्शनी तसे वाटते खरे, परंतु ती त्या ठिकाणची रीत असते. स्टॅक ओव्हरफ्लो हे २००८ साली सुरू झालेले प्रश्नोत्तरांचे संकेतस्थळ याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. तिथे प्रश्नोत्तरे पुढच्या हजारो वाचकांसाठी जपून ठेवायची असतात, म्हणून ‘नमस्कार’, ‘धन्यवाद’ अशा शब्दांना संपादनात कात्री लागते. आभार मानण्याची सोय मात्र तिथे वेगळ्या स्वरूपात आहे. उत्तराला पसंतीचे मत (अपव्होट) दिले की उत्तर देणाऱ्याच्या प्रतिष्ठेत १० गुणांची भर पडते आणि प्रश्नकर्त्याने ते उत्तर ‘स्वीकारले’ अशी खूण केली की आणखी १५ गुण मिळतात. ही खूण प्रश्नकर्त्याखेरीज इतर कोणीही करू शकत नाही, त्यामुळे ती न करता निघून जाणे हाच तिथे खरा अनादर ठरतो. नव्या सदस्याला स्वतःचे १५ गुण होईपर्यंत मत देता येत नाही, परंतु आपल्या प्रश्नाचे उत्तर स्वीकारायला ही अट नाही, हे पुष्कळांना माहीत नसते.

इतर ठिकाणी इतर सोयी आहेत. विकिपीडियावर २०१३ पासून एखाद्या विशिष्ट संपादनासमोर ‘आभार’ असे बटण असते; ते दाबले की त्या संपादकाला सूचना जाते आणि कोणाच्याही कामात खंड पडत नाही. संगणक-प्रणालींचे प्रकल्प जिथे अनेकजण मिळून लिहितात आणि सांभाळतात, त्या गिटहबवर पूर्वी लोक सहमती दर्शवण्यासाठी ‘+१’ एवढेच लिहीत असत आणि त्या प्रत्येक नोंदीचा ईमेल सर्व संबंधितांना जात असे. प्रकल्प सांभाळणाऱ्यांनी एकत्रितपणे तक्रार केल्यावर २०१६ साली तिथे चिन्हांनी प्रतिक्रिया देण्याची सोय झाली. सदिच्छेचे शब्दही शेकडो जणांच्या टपालपेटीत जाऊन पडले की त्रासदायक होतात, हे त्या प्रसंगातून दिसले. म्हणून नव्या ठिकाणी गेल्यावर तिथली रीत आधी पाहावी आणि मग तिथल्याच रीतीने आभार मानावेत.

उत्तर बरोबर होते, पण भाषा तुसडी होती. तरीही आभार मानावेत का?

माहितीपुरते मानावेत. ‘तुम्ही सांगितलेल्या उपायाने काम झाले, आभारी आहे’ या वाक्यात समोरच्याच्या स्वराला मान्यता दिली जात नाही. तुसडेपणा आणि तुटकपणा यांतला फरकही ओळखावा. एका संध्याकाळी वीस जणांना उत्तरे देणारा माणूस थोडक्यात लिहितो, यात अपमान नसतो. मात्र खरोखरच अपमान झाला असेल, तर केवळ मदत मिळाली म्हणून तो गिळण्याचे बंधन कोणावरही नाही. लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनीच १६ सप्टेंबर २०१८ रोजी आपल्या वर्षानुवर्षांच्या जहाल भाषेबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही काळ कामातून रजा घेतली. त्याच सुमारास त्या प्रकल्पाने नवी आचारसंहिताही स्वीकारली. मदतीला कठोर भाषा चिकटलेली असायलाच हवी, हा समज तिथेही मोडीत निघाला.

अनोळखी मदतनीसाला ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’? ‘सर’ म्हटलेले चालेल का?

‘तुम्ही’ केव्हाही सुरक्षित. पडद्यामागची व्यक्ती सोळा वर्षांची असू शकते किंवा सत्तर वर्षांची, आणि टोपणनावावरून ती स्त्री आहे की पुरुष हेही ठरवता येत नाही. म्हणून ‘सर’ आणि ‘दादा’ ही संबोधने थोडी जपून वापरावीत. ‘सर’ म्हणून आभार मानले जाणाऱ्या अनुभवी स्त्रियांना दर वेळी दुरुस्ती करावी की सोडून द्यावे, हा प्रश्न पडतो. टोपणनावाला ‘जी’ जोडणे किंवा कोणतेही संबोधन न लावता ‘तुमचे उत्तर उपयोगी पडले’ असे लिहिणे अगदी शिष्टसंमत आहे.

अनेकांनी मिळून अडचण सोडवली, तर कोणाचे नाव घ्यावे?

शक्य तितक्यांचे, आणि प्रत्येकाने काय केले तेही लिहावे. ‘सर्वांचे आभार’ हे वाक्य सभेच्या शेवटी ठीक असते, पण इथे त्यातून कोणालाच काही मिळत नाही. लिनक्सच्या गाभ्यात बदल नोंदवताना दोष कोणी कळवला, उपाय कोणी सुचवला, चाचणी कोणी घेतली आणि तपासणी कोणी केली, यांच्या वेगवेगळ्या ओळी त्या बदलाच्या नोंदीतच लिहिण्याची शिस्त आहे. त्यामुळे एकही ओळ संगणकीय भाषेत न लिहिणाऱ्या, पण दोष नेमका पकडणाऱ्या माणसाचे नावही इतिहासात कायमचे राहते. सामान्य समूहातही हेच साध्या शब्दांत करता येते: अमुक यांनी कारण ओळखले, तमुक यांच्या उपायाने काम झाले. ज्यांचा उपाय चालला नाही, पण ज्यांच्या प्रश्नामुळे खरे कारण सापडले, त्यांचे नाव सहसा विसरले जाते, तेवढे आठवणीने घ्यावे.

तसेच, समूहातून मिळालेले उत्तर आपण कार्यालयात किंवा इतरत्र वापरले, तर ते कोठून मिळाले हे तिथेही सांगावे. दुसऱ्याचा उपाय आपल्या नावावर खपवणे आणि त्याचे मनापासून आभार मानणे या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत.

मदत मिळून वर्ष उलटले. आता आभार मानणे विचित्र वाटेल का?

ज्याला लिहायचे असते त्यालाच ते विचित्र वाटते. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांमध्ये लोकांना कृतज्ञतेची पत्रे लिहायला सांगितली आणि मिळणाऱ्याला काय वाटेल याचा अंदाज विचारला. नंतर प्रत्यक्ष पत्र मिळालेल्यांना विचारले, तेव्हा त्यांना झालेला आनंद आणि आश्चर्य लिहिणाऱ्यांच्या अंदाजाहून अधिक होते आणि त्यांना वाटलेला संकोच अंदाजाहून कमी होता. मी स्वतः एकदा जवळजवळ दोन वर्षांनी आभार कळवले होते. तेव्हा मला आलेले उत्तर एका ओळीचे होते: ‘मला वाटले होते की तुम्ही नाद सोडून दिला असेल.’ दोन वर्षे तो माणूस माझ्या अडचणीचे काय झाले ते न कळता राहिला होता, याची मला त्या ओळीपर्यंत कल्पनाही नव्हती.

उत्तर मिळाले नाही, तर आठवण करून देणे उद्धटपणाचे आहे का?

काही दिवसांनी एकदा, नव्या माहितीसह आठवण करून द्यायला हरकत नाही. ‘कोणी आहे का?’, ‘एवढे साधे उत्तरही देता येत नाही का?’ अशा शब्दांत मात्र कधीही देऊ नये. या दुसऱ्या प्रकारच्या वागणुकीची किंमत किती मोठी असू शकते, याचे एक उदाहरण जरा सविस्तर सांगण्यासारखे आहे.

‘एक्सझेड युटिल्स’ हे फाइल दाबून लहान करणारे साधन लिनक्सच्या असंख्य संगणकांवर असते आणि वर्षानुवर्षे ते मुख्यत्वे एकच व्यक्ती विनामोबदला सांभाळत होती. २०२२ साली काही अनोळखी खात्यांवरून त्या व्यक्तीवर दबाव येऊ लागला की काम फार संथ चालले आहे, सूत्रे दुसऱ्याकडे द्यावीत. आपल्याला दीर्घकाळ मानसिक आरोग्याचा त्रास आहे आणि हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे, असे त्या व्यक्तीने नम्रपणे सांगूनही टोचणी थांबली नाही. त्याच काळात एक ‘मदतीला तत्पर’ सहकारी हळूहळू विश्वास मिळवत होता. अखेर त्याच्याकडे अधिकार गेले आणि २०२४ च्या आवृत्त्यांमध्ये त्याने इतरांच्या संगणकात गुपचूप शिरता येईल अशी चोरवाट पेरली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, असे जाणवले, त्याने खोलात जाऊन शोध घेतला आणि २९ मार्च २०२४ रोजी हा प्रकार उघड केला. टोचणारी ती खाती बनावट आणि त्याच कटाचा भाग असावीत, असे मानले जाते. पण ती कोणाच्या डोळ्यांत भरली नाहीत, कारण फुकट राबणाऱ्यावर असे खेकसणे ही ऑनलाइन जगातली रोजचीच गोष्ट होती. त्या गर्दीत हल्लेखोरांना वेगळे सोंग आणावेच लागले नाही.

आभार म्हणून पैसे द्यावेत का?

एका उत्तरासाठी व्यक्तीला पैसे देऊ करणे पुष्कळदा अवघडल्यासारखे होते. देण्यापूर्वी विचारावे आणि नकार आला तर आग्रह करू नये. प्रकल्पाची गोष्ट निराळी असते. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या सुरक्षा-साधनातील ‘हार्टब्लीड’ हा गंभीर दोष उघड झाला, तेव्हा जगातील मोठ्या प्रमाणावरील संकेतस्थळांची सुरक्षा ज्याच्यावर उभी होती त्या प्रकल्पाला वर्षाला साधारण २,००० डॉलर एवढ्याच देणग्या मिळत होत्या, हेही जगाला कळले. आता प्रकल्पांना नियमित हातभार लावण्याच्या सोयी आहेत. गिटहबने तशी सोय २०१९ पासून दिली आहे. ज्या साधनावर आपले उत्पन्न अवलंबून आहे, त्यासाठी थोडी पण दरमहा रक्कम देणे हे एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा सांभाळणाऱ्याला अधिक उपयोगी पडते, कारण त्यावर तो पुढचे नियोजन करू शकतो.

खासगी संदेश पाठवून आभार मानले तर?

आभारांसाठी चालेल, पुढचा प्रश्न विचारण्यासाठी नाही. एकदा मदत केली म्हणजे ती व्यक्ती आपली वैयक्तिक सल्लागार होत नाही, आणि खासगीत मिळालेले उत्तर इतर कोणाच्याही कामी येत नाही.

आभाराचा मजकूर कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घ्यावा का?

भाषेची अडचण असेल तर मदत घ्यायला हरकत नाही. पण तुमच्या संगणकावर नेमके काय झाले हे त्या यंत्राला ठाऊक नसते, आणि ‘आपल्या अमूल्य मार्गदर्शनाबद्दल शतशः ऋणी आहे’ या तीन परिच्छेदांच्या फुलोऱ्यापेक्षा ‘तिसऱ्या पायरीनंतर सुरू झाले’ हे मोडके वाक्य वाचायला बरे वाटते.

मला उत्तरे देण्याइतके ज्ञान नाही. मग परतफेड कशी करू?

ज्याने मदत केली त्यालाच परतफेड करण्याची संधी सहसा येत नाही. परंतु तुम्ही ज्या अडचणीतून नुकतेच बाहेर पडला आहात, त्या एका अडचणीपुरते तुम्ही जाणकार असता, आणि ती अडचण काय असते हे जुन्या तज्ज्ञांपेक्षा तुम्हाला अधिक ताजे आठवत असते. जुन्या उत्तरातील एखादी पायरी नव्या आवृत्तीत बदलली असेल तर तसे नोंदवावे, बंद पडलेला दुवा दिसला तर कळवावे, कोणी सुचवलेला उपाय आपल्या संगणकावर चालतो का हे करून पाहून सांगावे. मागे उल्लेख केलेले ते गृहस्थ अजूनही टंकलेखनातील इतर कोणत्याच प्रश्नाला उत्तर देत नाहीत. मात्र अर्ध्या र ची शंका घेऊन कोणी आले की त्या बाईंच्या आधी तेच पोहोचतात, त्यांच्या उत्तराकडे बोट दाखवतात आणि ‘तळटिपांमध्ये वेगळा शोध द्यायला विसरू नका’ असे न चुकता लिहितात.